वारंवार बिघडणारी वस्तू आणि ग्राहकाचे हक्क

नवी घेतलेली वस्तू एकदा बिघडणे आणि तीच वस्तू दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा बिघडत राहणे, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. पहिल्या प्रसंगी विक्रेत्याला दुरुस्तीची संधी देणे वाजवी असते. दुसऱ्या प्रसंगी मात्र वस्तूत मुळातच दोष होता का, दुरुस्तीची सेवा नीट दिली गेली का, आणि वस्तू ज्या कामासाठी विकली ते काम ती करतच नसेल तर तिची किंमत स्वतःकडे ठेवण्याचा हक्क विक्रेत्याला उरतो का, असे प्रश्न उभे राहतात. चौदा तालुक्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे प्रश्न घरातल्या फ्रीज-टीव्हीपुरते मर्यादित नाहीत. विहिरीवरची मोटर, ठिबक संच, दूध काढण्याचे यंत्र, ट्रॅक्टर, दुचाकी अशा वस्तूंवर कुटुंबाचे उत्पन्न अवलंबून असते, आणि रब्बीच्या पाळीला बंद पडलेली मोटर दुरुस्त होईपर्यंत पीक थांबत नाही. अशा ग्राहकाला कायद्याने भक्कम हक्क दिलेले आहेत. परंतु ते हक्क पदरात पडणे हे बहुतांशी पहिल्या बिघाडाच्या दिवसापासून ठेवलेल्या नोंदींवर ठरते.

दोष आणि त्रुटी

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला. त्यामागे ग्राहक चळवळीची पार्श्वभूमी होती, आणि त्या चळवळीत बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचा मोठा वाटा होता. त्या कायद्याची जागा आता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने घेतली असून त्याच्या बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू झाल्या. या अधिनियमातील दोन संज्ञा येथे महत्त्वाच्या आहेत. ‘दोष’ म्हणजे वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांतील उणीव. आणि हा दर्जा केवळ कायद्याने ठरवलेला नव्हे, तर करारातून स्पष्टपणे किंवा गर्भितपणे मान्य झालेला, तसेच विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे दावा केलेलाही असू शकतो. म्हणजेच एका चार्जिंगमध्ये ठरावीक अंतर जाण्याचा दावा जाहिरातीत केलेला असेल, तर तो दावाही दोष ठरवण्याचे माप होतो. ‘त्रुटी’ ही संज्ञा सेवेसाठी वापरली जाते. वॉरंटीतील दुरुस्ती हीसुद्धा सेवा असल्याने ती वेळेत न करणे, अर्धवट करणे किंवा बिघाड तसाच ठेवून वस्तू परत देणे ही सेवेतील त्रुटी होय. वारंवार बिघडणाऱ्या वस्तूच्या प्रकरणात बहुधा दोष आणि त्रुटी दोन्ही असतात, म्हणून तक्रारीत दोन्ही स्वतंत्रपणे मांडावेत. दोष सिद्ध करणे अवघड गेले तरी त्रुटीच्या आधारे भरपाई मिळू शकते.

वॉरंटीचा कागद नसेल तर काहीच हक्क नाही, हा समजही बरोबर नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, ग्राहकाने आपला विशिष्ट उपयोग सांगितला असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून वस्तू घेतली असेल, तर ती त्या उपयोगास योग्य असण्याची अट विक्रीत गर्भितच असते. विहिरीची खोली, पाइपलाइनची लांबी आणि विजेच्या दाबाची स्थिती दुकानदाराला सांगून त्याने सुचवलेली मोटर घेणारा शेतकरी या तरतुदीचा आधार घेऊ शकतो. त्याचप्रमाणे पावतीवर छापलेली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ सदोष मालाच्या बाबतीत विक्रेत्याचे रक्षण करत नाही. सदोष माल पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, तसेच पक्की पावती न देणे हीसुद्धा.

ग्राहक कोणाला म्हणावे

पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारी व्यक्ती या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. या सीमारेषेवरचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातील प्रकरणातच झाला. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने घेतलेल्या यंत्राबाबतचा वाद राज्य ग्राहक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मोठ्या प्रमाणावर नफ्यासाठी सुटे भाग बनवणारा हा उद्योग ग्राहक ठरत नाही, असे न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले; पण त्याच निकालात, स्वतः यंत्र किंवा वाहन चालवून पोट भरणारी व्यक्ती एक-दोन मदतनीस घेत असली तरी ती ग्राहकच राहते, असेही स्पष्ट केले. त्यामुळे स्वतःची रिक्षा स्वतः चालवणारा, घरच्या गोठ्यासाठी दूध काढण्याचे यंत्र घेणारा पशुपालक किंवा स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी तक्रार करू शकतो. याउलट सुपे किंवा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने उत्पादनासाठी घेतलेल्या यंत्राबाबत बहुधा दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. पुढे २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या विश्वस्त संस्थेच्या प्रकरणात, खरेदीचा मुख्य हेतू नफ्याशी थेट जोडलेला आहे का हे पाहावे, असे न्यायालयाने सांगितले. खरेदी व्यापारी प्रयोजनासाठी होती हे सिद्ध करण्याचा भार तसा आक्षेप घेणाऱ्या विक्रेत्यावर किंवा सेवा देणाऱ्यावर आहे, हेही श्रीराम चिट्स प्रकरणात २०२४ मध्ये स्पष्ट झाले. तरीही तक्रारीत ‘ही वस्तू स्वयंरोजगारासाठी घेतली असून तक्रारदार ती स्वतः वापरतो’ हे वाक्य न विसरता लिहावे, कारण ते नसल्याने चांगल्या तक्रारीही प्राथमिक आक्षेपावर अडतात.

प्रत्येक बिघाडाचा कागद

वारंवारता ही सांगून नव्हे, कागदांवरून सिद्ध होते. पक्की पावती, वॉरंटी कार्ड, वस्तूचा अनुक्रमांक, जाहिरातपत्रक आणि पैसे दिल्याचा पुरावा एका फाईलमध्ये सुरुवातीपासून ठेवावा. त्यानंतर प्रत्येक बिघाडाच्या वेळी तक्रार दूरध्वनीवर केली तरी तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर बिघाडाचे वर्णन पाठवून ठेवावे. वस्तू सर्व्हिस सेंटरमध्ये देताना जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीसाठी वस्तू स्वीकारल्याची व तक्रारीची नोंद असलेली पावती, घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. त्या पावतीवर कर्मचारी ‘सर्वसाधारण तपासणी’ असे मोघम लिहीत असेल, तर ‘इंजिन चालू असताना बंद पडते’ किंवा ‘मोटर दहा मिनिटांत तापून थांबते’ असे नेमके शब्द लिहून घेण्याचा आग्रह धरावा. कोणता भाग बदलला आणि वस्तू किती दिवस सेंटरमध्ये राहिली, हेही कागदावर यायला हवे.

वस्तू परत घेताना समाधान झाल्याच्या रकान्यात सही करण्याची घाई अनेकांना महागात पडते. बिघाड तसाच असेल किंवा वस्तू तपासून पाहण्याची संधी मिळाली नसेल, तर सहीसोबत ‘तक्रार कायम’ किंवा ‘वापरून पाहिल्यावर कळवू’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवावे. बिघडलेल्या अवस्थेचे चित्रीकरण तारखेसह करावे. मोबाइलमधील असे पुरावे सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्र जोडणे सुरक्षित असते. वॉरंटीच्या काळात बाहेरच्या कारागिराकडून वस्तू उघडून घेणे मात्र टाळावे, कारण दोष मूळचा नसून छेडछाडीमुळे आला, हा बचाव त्यामुळे विरुद्ध बाजूला आयता मिळतो. वॉरंटी संपता संपता बिघाड झाला असेल, तर मुदतीच्या आतच लेखी तक्रार पोहोचवावी. कारण मुदतीत नोंदवलेला आणि दूर न झालेला बिघाड मुदत संपल्यावर अनोळखी होत नाही.

वस्तू कर्जाऊ घेतली असल्यास हप्ते थांबवण्याचा मोह आवरावा. वित्तसंस्थेशी झालेला करार वेगळा असतो. हप्ते थकल्यास दंड लागतो, पत खालावते, आणि वाहन जप्त झाले तर तपासणीसाठी मूळ पुरावाच हातात राहत नाही. भरलेल्या व्याजाची मागणी तक्रारीत नुकसान म्हणून करता येते.

जबाबदारी कोणाची

दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी सर्व्हिस सेंटरकडे, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून तक्रारीत उत्पादक, विक्रेता आणि अधिकृत सेवाकेंद्र या तिघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या परिच्छेदात लिहावी. हे किती महत्त्वाचे आहे ते गोव्यातील एका प्रकरणावरून दिसते. तेथील ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून विकलेली मोटार प्रत्यक्षात २००९ सालची व आधी चाललेली निघाली. टाटा मोटर्स कंपनीविरुद्धचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला, कारण वितरकाच्या कृत्याची माहिती किंवा त्यातील सहभाग कंपनीवर सिद्ध झाला नव्हता. वितरकाची जबाबदारी मात्र कायम राहिली. याउलट दोष उत्पादनाचाच असेल तर केवळ दुकानदाराविरुद्धची तक्रार अपुरी पडते. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याबरोबर संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीलाही पक्षकार करण्याचा विचार करावा. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे.

सदोष वस्तूमुळे इजा झाली किंवा अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, उदाहरणार्थ बॅटरी पेटून घर जळाले, तर ‘उत्पादन दायित्व’ हे वेगळे प्रकरण लागू होते आणि त्यानुसार स्वतंत्र भरपाई मागता येते. वस्तू स्वतः बिघडली एवढेच नुकसान त्यात मोडत नाही. त्यासाठी दोषाचीच तक्रार करावी.

आयोगाआधीचे प्रयत्न

दोन-तीन दुरुस्त्यांनंतरही बिघाड कायम राहिला की उत्पादकाच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि विक्रेत्याला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवावी. खरेदीचा दिनांक, प्रत्येक बिघाडाचा व दुरुस्तीचा दिनांक, नेमकी मागणी आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत एवढे तिच्यात पुरेसे असते. अशी नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण विरुद्ध बाजूला पुरेशी संधी दिली होती हे तिच्यावरून दिसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यास ती कंपनीकडे पाठवली जाते आणि अनेक वाद तडजोडीने तेथेच मिटतात. मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ती आपोआप वाढत नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला असला तरी त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते.

जिल्हा आयोगापुढील तक्रार

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे होते. त्यामुळे घरगुती आणि शेतीच्या जवळजवळ सर्व वस्तूंचे वाद अहिल्यानगर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाच्या कक्षेत येतात. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आणि १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये आहे. जुन्या कायद्याखाली विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार झालेल्या ठिकाणी दाद मागावी लागत असे; आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार दाखल होते. संगमनेरच्या ग्राहकाने नाशिकला, पारनेरच्या ग्राहकाने पुण्याला किंवा जामखेडच्या ग्राहकाने घरबसल्या ऑनलाइन वस्तू घेतली असली, तरी तो आपल्याच जिल्ह्यात न्याय मागू शकतो. अकोलेसारख्या दूरच्या तालुक्यातील तक्रारदाराला १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून तक्रार दाखल करता येते आणि दूरचित्र संवादाद्वारे सुनावणीची विनंतीही करता येते. वकील नेमण्याची सक्ती नाही; तक्रारदार स्वतः किंवा नोंदणीकृत ग्राहक संस्थेमार्फत बाजू मांडू शकतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलल्याने जुन्या पावत्यांवर ‘अहमदनगर’ आणि नव्या कागदांवर ‘अहिल्यानगर’ असे आढळेल. त्यामुळे पत्ता लिहिताना दोन्ही नावे दिल्यास गोंधळ टळतो.

तक्रारअर्जात पक्षकारांची नावे व पत्ते, खरेदीचा तपशील, बिघाडांचा तारीखवार तक्ता, दोष व त्रुटी यांचे विवेचन, नुकसानीचा हिशेब, मुदत व अधिकारक्षेत्राबद्दलचे विधान आणि शेवटी मागण्या असाव्यात. सोबत शपथपत्र आणि कागदपत्रांची यादी जोडावी. मागण्या पर्यायी स्वरूपात लिहाव्यात : किंमत व्याजासह परत मिळावी, ते शक्य नसल्यास त्याच प्रकारची नवी, निर्दोष वस्तू मिळावी, तेही नसल्यास सदोष भाग विनामूल्य बदलून मिळावा, आणि या प्रत्येकासोबत आर्थिक नुकसान, मानसिक त्रास व तक्रारखर्चाची भरपाई मिळावी. पिकाच्या किंवा दुधाच्या नुकसानीचा आकडा सांगायचा असेल तर सात-बारा उतारा, दूध संकलन केंद्राच्या नोंदी, भाड्याने आणलेल्या मोटरीच्या पावत्या असा आधार हवा. आधाराविना मोठी रक्कम मागितल्याने तक्रारीचे वजन कमीच होते.

नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याने ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते आणि ही मुदत फार तर १५ दिवसांनीच वाढते. याहून अधिक वेळ देण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. तक्रार शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळा तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकाली काढावी अशी अपेक्षा कायद्यात आहे. प्रत्यक्षात अधिक काळ जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच पुरावे जपावेत.

दोष कसा सिद्ध करावा

वाहन अनेकदा दुरुस्तीला गेले, एवढ्यावरून उत्पादनदोष सिद्ध झाला असे प्रत्येक वेळी मानले जात नाही. मारुती उद्योग कंपनीच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असताना संपूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. याउलट २०१० मध्ये फियाट कंपनीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, स्वतंत्र तंत्रज्ञाला वाहनात मूळ उत्पादनदोष आढळल्यास किंमत व्याजासह परत करावी, असा मार्ग दिला. या दोन निकालांमधून ग्राहकाने घेण्याचा धडा स्पष्ट आहे : संपूर्ण किंमत किंवा नवी वस्तू हवी असेल तर दोष एखाद्या सुट्या भागाचा नसून मुळातला आहे, हे सांगणारे तज्ज्ञाचे मत आवश्यक ठरते. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ३८ नुसार आयोग वस्तू किंवा तिचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. या तपासणीचा अर्ज तक्रारीसोबतच करावा. शासकीय तंत्रनिकेतनातील अभियंता किंवा शेतीच्या यंत्रांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कृषी अभियांत्रिकीचा तज्ज्ञ यांचे मत शपथपत्रासह मिळवता आल्यास तक्रारीला बळकटी येते.

‘आमचे मॉडेल शासनमान्य संस्थेने तपासलेले आहे’ हा बचाव वाहनांच्या बाबतीत नेहमी घेतला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याची तपासणी ठरावीक संस्थांकडून करून घ्यावी लागते, आणि अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था ही त्यांपैकीच एक आहे. परंतु ते प्रमाणपत्र मॉडेलच्या नमुन्याचे असते. त्या मॉडेलचे प्रत्येक वाहन निर्दोष असल्याची ती ग्वाही नव्हे, आणि ग्राहकाच्या हाती आलेल्या एका वाहनातील दोषाचे उत्तर त्यातून मिळत नाही. एकच दोष अनेकांच्या वाहनांत आढळत असेल, तर मोटार वाहन अधिनियमातील कलम ११०-अ नुसार केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. म्हणून आपल्या तक्रारीसारख्या इतर तक्रारींची माहिती मिळवणे उपयोगी ठरते.

निकालानंतर

निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. या जिल्ह्यातील अपिले राज्य आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर येथील परिक्रमा खंडपीठापुढे चालतात. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला अपिलासाठी त्या रकमेच्या ५० टक्के आधी जमा करावे लागतात. आदेश पाळला नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ७१ नुसार तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येतो. शिवाय कलम ७२ नुसार एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किमान २५ हजार व कमाल एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अंमलबजावणीचा अर्ज तक्रारदारालाच करावा लागतो, तो आपोआप होत नाही, हे लक्षात ठेवावे.

हजारो रुपयांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला, असा विचार करून बहुतेक ग्राहक थांबतात आणि सदोष मालाचा खर्च मुकाट्याने सोसतात. तो खर्च उत्पादकाच्या हिशेबात कधी येतच नाही, त्यामुळे पुढच्या ग्राहकाच्या घरीही तसाच माल पोहोचतो. एका तालुक्यातील एका शेतकऱ्याने जपलेली पाच जॉब कार्डे आणि वेळेत केलेली एक तक्रार त्याचे पैसे परत मिळवून देऊ शकते, आणि सदोष मालाची किंमत ज्याने तो बनवला त्यालाच मोजायला लावते. हा कायदा त्यासाठीच झालेला आहे, आणि तो वापरणे हा ग्राहकाचा हक्क असून इतर ग्राहकांप्रति असलेले त्याचे कर्तव्यही आहे.